दुरुस्तीखालची सही

वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड जैन हस्तलिखितांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ १९३०च्या दशकात कारंजा ग्रंथमालेतून निघाले. जुन्या पोथीच्या शेवटी अनेकदा पुष्पिका असते: नक्कल कुणी केली, कोणत्या संवतात, कुणासाठी. पाठ पारखताना संपादकाला तिचा मोठा आधार. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, आलेले पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) वाचताना मला या पुष्पिका आठवतात. कोट्यवधी ओळींचा मजकूर, त्याला हजारोंचे हात लागलेले. तरी एखादी ओळ कुणी, केव्हा, कशासाठी बदलली हे बहुतेक वेळा शोधून काढता येतं.

बदलाखाली सही करण्याची ही शिस्त ठेच लागून आली. मार्च २००३मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आयबीएममार्फत आपला कोड लिनक्समध्ये गेल्याचा तिचा आरोप होता. कोड कुठून आला ते दाखवता यावं म्हणून २००४मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ सक्तीची केली. हा कोड माझा आहे, किंवा योग्य परवान्याखाली तो पुढे देण्याचा मला हक्क आहे, अशी ती हमी. पॅच वरच्या मेंटेनरकडे, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याकडे, गेला की तोही खाली आपली सही जोडतो.

एक उदाहरण घेऊ. ड्रायव्हर सुरू होताना चूक झाली, तो मध्येच परतला आणि घेतलेली मेमरी सोडायची राहिली. दुरुस्ती एका ओळीची, अधिक चिन्हाने सुरू होणारी. पण विषयाच्या ओळीत आधी उपप्रणालीचं नाव, मग नेमका बदल, साधारण सत्तर-पंचाहत्तर अक्षरांत. खाली मेमरी कधी गळते, त्याचा त्रास कुणाला. मग ‘फिक्सेस’: चूक ज्या बदलातून शिरली त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं. त्यावरून जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती किती मागे न्यायची ते कळतं. सहीनंतर तीन आडव्या रेघा. दुसऱ्या खेपेला काय बदललं ते त्यांच्याखाली लिहायचं, म्हणजे ते कायमच्या इतिहासात जात नाही.

पॅच साध्या मजकुराच्या ईमेलमध्येच पाठवायचा. सजावटीच्या ईमेलमध्ये टॅबच्या जागी मोकळ्या जागा शिरतात आणि पॅच लागतच नाही. ‘चेकपॅच’ मांडणीतले दोष दाखवतं, ‘गेट-मेंटेनर’ कुणाकडे पाठवायचं ते सांगतं. नवखे मांडणीतच अडकतात. माझ्या मते खरा कस कारण लिहिण्यात लागतो. कोड पुढे बदलेल, पण दहा वर्षांनी तो उकलणाऱ्याला हाच परिच्छेद हाताशी असेल.

यात विश्वास किती गुंतलाय ते एप्रिल २०२१मध्ये दिसलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचं प्रकरण पेटलं. कर्नलच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं आणि आधी स्वीकारलेलेही पुन्हा तपासावे लागले.

वाशिममधल्याच मालेगाव किंवा रिसोडच्या विद्यार्थ्याला कर्नलसाठी पॅच पाठवताना कॉलेजचं नाव सांगावं लागत नाही, फीही नाही. सुरुवातीला कर्नलच्या ‘ड्रायव्हर्स/स्टेजिंग’ या विभागातली एखादी लहान चूक पुरे. पॅच पाठवल्यावर निदान आठवडाभर थांबावं, आलेल्या प्रत्येक शंकेला त्या-त्या ओळीखाली उत्तर द्यावं आणि दुरुस्त पॅचवर ‘व्ही-२’ लिहून तो पुन्हा पाठवावा.