बार्शी परिसरातील पुरावा आणि गावाची आरोग्ययंत्रणा

नोंदणी

कर्करोग नोंदणी म्हणजे ठरावीक प्रदेशातील सर्व रहिवाशांमध्ये आढळलेल्या प्रत्येक कर्करोगरुग्णाची सातत्याने ठेवलेली नोंद. रुग्णालयाच्या दप्तरात फक्त तिथवर पोहोचलेले रुग्ण सापडतात. जे पोहोचलेच नाहीत ते मोजले जात नाहीत. ही उणीव भरून काढणारी भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने सुरू झाली. बार्शीबरोबरच शेजारचे परंडा आणि भूम हे तालुके, मिळून ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. कर्मचारी गावोगाव जाऊन जाणत्या माणसांना भेटत, पाळी गेल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव किंवा तोंडातील न भरणारी जखम अशी लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी प्रवृत्त करत. याचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे: काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. मोजणीसाठी केलेला संवाद स्वतःच आरोग्यशिक्षण ठरला.

रोगाची संथ चाल

गर्भाशयमुखाचा कर्करोग, म्हणजे बोलीतला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्ग बहुतेक स्त्रियांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यापैकी काहींच्या पेशींत बदल होत जातात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणतः दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. ही मधली वर्षे हीच तपासणीची संधी. तपासणीचे मुख्य प्रकार तीन. पॅप चाचणीत पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. व्हिनेगर चाचणीत सौम्य अॅसिटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावतात. मिनिटभरात दोषयुक्त भाग पांढरा दिसू लागतो आणि प्रशिक्षित परिचारिकेला तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. एचपीव्ही चाचणीत विषाणूचा अंश प्रयोगशाळेत शोधला जातो.

धाराशिवचा अभ्यास

तिन्हींपैकी कोणती तपासणी मृत्यू टाळते, हे जाणण्यासाठी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, वाटले गेले. तीन गटांना प्रत्येकी एकेक तपासणी मिळाली. चौथ्या, तुलनेच्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मागोवा आठ वर्षे घेतला गेला. वाटणी योगायोगावर सोडल्यामुळे शिक्षण, गरिबी, रुग्णालयाचे अंतर यांसारखे घटक सर्व गटांत साधारण सारखे पसरतात. मग अखेरीस दिसणारा फरक तपासणीचा मानता येतो.

आकड्यांचे वाचन

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलना गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणींचा या कर्करोगाने मृत्यू झाला. एचपीव्ही गटातील ३४,१२६ पैकी ३४ जणींचा. याच माहितीची दोन विधाने होतात. ‘मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले’ हे सापेक्ष विधान. ‘आठ वर्षांत हजारी सुमारे दोन मृत्यूंऐवजी एक’ हे निरपेक्ष विधान. दोन्ही खरी आहेत, पण पहिल्याने मनात उभे राहणारे चित्र दुसऱ्यापेक्षा फार मोठे असते. जाहिरातीत आणि बातमीच्या मथळ्यात बहुधा पहिलेच वाचायला मिळते. निर्णयासाठी दुसरेही लागते, कारण मूळ धोका किती होता हे त्यातूनच कळते. हजारी एक हा आकडा लहान वाटला, तरी तालुक्यातील लाखभर स्त्रियांचा हिशेब मांडल्यास तो शंभर जिवांपर्यंत जातो. पॅप आणि व्हिनेगर चाचणीच्या गटांतही मृत्यू थोडे कमी होते. मात्र तो फरक योगायोगाचा नाही, असे खात्रीने म्हणण्याइतका मोठा नव्हता.

एक चाचणी, वेगवेगळे निकाल

एवढ्यावरून व्हिनेगर चाचणी निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनी एकदाच ही चाचणी करून योग्य त्या स्त्रियांवर तिथल्या तिथे शीतोपचार, म्हणजे दोषयुक्त भाग गोठवून नष्ट करण्याचे उपचार, केले; तेथे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. तेथे घट ३१ टक्के होती. म्हणजे चाचणीचे नाव एकच असले, तरी ती कोणी केली, किती वेळा केली आणि पुढचा उपचार कुठे मिळाला, यानुसार फळ बदलते. म्हणूनच संशोधनक्षेत्रात एकट्या अभ्यासापेक्षा पद्धतशीर आढाव्याला अधिक वजन असते: त्यात एका प्रश्नावरचे सर्व अभ्यास आधी ठरवलेल्या निकषांवर शोधून, पारखून एकत्र वाचले जातात.

तुलना गटाचा वाद

या तिन्ही अभ्यासांवर गंभीर आक्षेपही आले. पॅप तपासणीचा उपयोग जगाला आधीच माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा प्रश्न अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी मांडला आणि भारतीय वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिकात त्यावर वाद झडला. त्या भागांत नेहमीची सेवा म्हणजे तपासणीचा अभावच होता, असे संशोधकांचे उत्तर होते. ते वस्तुस्थितीला धरून आहे. पण आक्षेप त्यामुळे मिटत नाही. निदान इतके तरी स्पष्ट आहे की, ज्या गावांनी ही किंमत मोजली, त्यांना निष्कर्षाचा लाभ सर्वांत आधी मिळायला हवा.

पुराव्यापासून उपकेंद्रापर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात मात्र ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर चाचणी आहे; कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १.९ टक्के जणींचीच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झाली होती. सपाट भागात सुमारे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, अशी रचना आहे. आशाताई घरी जाऊन बोलावतात, तपासणी खालच्या पातळीवर होते; पण दुर्बिणीने पाहणी, तुकडा तपासणे आणि उपचार यांसाठी वरच्या रुग्णालयात जावे लागते. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे, सोबतीला कोणी नसणे यांमुळे याच टप्प्यावर स्त्रिया गळतात.

ही गळती गावाला मोजता येते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीची पद्धत महाराष्ट्रात २००७ पासून आली आणि सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. गावच्या समितीने सेवांचे प्रगतीपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे, ही तिची रीत. त्या पत्रकात तपासणी झालेल्या स्त्रियांच्या संख्येशेजारी आणखी दोन रकाने लागतील: दोष आढळलेल्यांपैकी किती जणी वरच्या रुग्णालयात पोहोचल्या, आणि किती जणींचा उपचार पूर्ण झाला.