पेपर तिचा, अक्षर हिचं

बाजव्यातल्या या दोन खोल्यांच्या घरात पंखा बंद ठेवला आहे, नाहीतर कागद उडतात. सतरंजीवर दोन मुली समोरासमोर बसल्या आहेत. एकीच्या मांडीवर परीक्षेचं पॅड आहे, हातात निळं पेन. दुसरीचे हात मोकळे, मान किंचित कललेली. ही दुसरी एस. वाय. बी. ए.ला आहे, अर्थशास्त्र घेऊन. तिला जन्मापासून दिसत नाही. धाकट्या भावामुळे घरात सगळेच तिला ताई म्हणतात. पॅडवाली मुलगी मागच्या गल्लीतली, गुजराती. बारावी सायन्स करून यंदा बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेलेली. परवा, सोमवारी सकाळी, वडोदऱ्याच्या कॉलेजात ताईचा पेपर आहे आणि तो ही मुलगी लिहिणार आहे.

“नवीन ओळ. हेडिंग. इंडिफरन्स कर्व्ह. अंडरलाइन कर,” ताई सांगते.

पेन चालू लागतं. ताईचं लक्ष पेनच्या आवाजाकडे आहे. तो थांबला की ती पुढचं वाक्य सोडते. मध्येच दोन वाक्यं एका दमात निघून जातात.

“दीदी, धीमे बोलो ने.”

“हं. कुठपर्यंत आलीस? वाच.”

मुलगी वाचते. ‘मार्जिनल रेट ऑफ सब्स्टिट्यूशन’ऐवजी तिनं नुसतं एमआरएस लिहिलं आहे. ताईच्या ते लगेच ध्यानात येतं. “पहिल्यांदा पूर्ण लिही. मग पुढे शॉर्टफॉर्म चालेल. आणि सब्स्टिट्यूशनचं स्पेलिंग लिहिताना मध्ये टीआययू नको, टीयू.” मुलगी जीभ चावते, खोडते, पुन्हा लिहिते. खोडल्याचा आवाज आला तशी ताई म्हणते, “एकच रेघ मार. गिचमिड नको.”

मी भिंतीला टेकून हे बघतो आहे. मला घेऊन आलेले काका ‘फर्टिलायझर’मधून रिटायर झालेले आहेत, गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा एवढा मोठा कारखाना शेजारी असताना बाजव्यात त्याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. ताईच्या अभ्यासातलं वाचनखातं काकांकडे. मोबाइल टाइप केलेलं वाचून दाखवतो, पण कॉलेजातल्या नोट्स म्हणजे बहुतेक हस्तलिखिताच्या झेरॉक्सचे फोटो. ते मोबाइलला नीट वाचता येत नाहीत. म्हणून रात्री जेवण झालं की काका चष्मा लावून एकेक पान मोठ्यानं वाचतात आणि रेकॉर्ड करतात, कंस सुरू, कंस पूर्ण, यासकट. ताईला ती रेकॉर्डिंगं इतकी पाठ आहेत की ती खुणेसाठी म्हणते, “काकांना खोकला येतो ना, त्यानंतर बजेट लाइन.”

आजची ही बैठक घरगुती वाटते, पण तिला सरकारी आधार आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं २९ ऑगस्ट २०१८ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षार्थीला लेखनिकाशी दोन दिवस आधी भेटू द्यावं असं लिहिलेलं आहे. ज्यानं हे लिहिलं त्याला पेपर सांगून लिहवून घेणं म्हणजे काय, ते नक्की माहीत असणार. उत्तर डोक्यात कितीही तयार असो, कागदावर ते दुसऱ्याच्या हाताच्या वेगानं उतरतं. तो वेग, ते स्पेलिंग, तो घाबरटपणा आधी ओळखीचा व्हावा लागतो. त्याच सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं भरपाईचा वेळ आहे, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. चार तास बोलायचं ताईनं आणि चार तास लिहायचं या अठरा वर्षांच्या मुलीनं. आत्ताच ती मनगट झटकते आहे.

आता आकृती.

ताईची आई आतून एक पुठ्ठा आणते. त्यावर सुतळीच्या दोन रेघा चिकटवल्या आहेत, एक उभी, एक आडवी. मधून लाल लोकरीचे तीन वक्र, आणि एक ताणलेला दोरा तिरका. जिथे दोरा मधल्या वक्राला जेमतेम शिवतो तिथे टिकली. आई अर्थशास्त्र कधी शिकलेली नाही. काकांनी पुस्तकातली आकृती दाखवली आणि तिनं ती लावली. ताई पुठ्ठ्यावरून बोट फिरवते, मग पुठ्ठा बाजूला ठेवून मुलीचा डावा तळहात पुढे ओढते.

“हे बघ. इथून उभी रेघ, तिला वाय. इथून आडवी, तिला एक्स. कर्व्ह डावीकडून वरून सुरू होतो आणि उजवीकडे खाली येतो, पोट ओरिजिनकडे.” तिचं बोट तळहातावर सावकाश वळतं. “तीन कर्व्ह. एकमेकांना कापायचे नाहीत. कापले तर मार्क गेले. लाइन मधल्याला टच होते, तिथे ई.”

मुलगी काढते. सायन्सची असल्यामुळे ग्राफ तिला नवा नाही, हे ताईचं नशीब. काढून झाल्यावर ती आपणहून ताईचं बोट धरून ओल्या शाईवरून न फिरवता कागदाच्या किंचित वरून फिरवते. “एम? बराबर छे?” ताई हसते. “चालशे.”

हे बघताना मला एका गोष्टीचा राग येतो, तो इथे लिहितोच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७मध्ये लेखनिकाची सोय स्पष्ट नोंदलेली आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालानं चाळीस टक्के अपंगत्वाची पायरी न गाठणाऱ्यांनाही, हातानं लिहिण्यात खरोखर अडचण असेल तर, लेखनिकाचा हक्क दिला. हक्कांची बाजू भक्कम आहे. पण तो हक्क प्रत्यक्षात पुरवणारं माणूस कुठे आहे? लेखनिकांची जिल्हावार यादी करता येईल असं २०१८च्या त्या सूचनांत होतं. अनेक ठिकाणी ती यादी म्हणजे आईचा मोबाइल. स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं, असंही त्यांत होतं. नियम रास्त आहे, नाहीतर उत्तरं तिसराच कुणीतरी देईल. मात्र त्याचा अर्थ असा की बी. ए.च्या मुलीला दर परीक्षेला एक नुकतं बारावी झालेलं, इंग्रजी सुवाच्य लिहिणारं आणि त्या दिवशी मोकळं असलेलं मूल स्वतः हुडकायचं. ब्रिटनमध्ये वर्गात नोट्स काढून देणाऱ्या मदतनीसाचे पैसे सरकारी विद्यार्थी-भत्त्यातून मिळू शकतात. तिथे ती नोकरी असते. इथे काका, आई आणि ही मुलगी मिळून तीन पदं चालवताहेत, बिनपगारी. याच बडोदे संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सगळीकडे मोफत आणि सक्तीचं केलं, आणि त्याचा खर्च राज्यानं उचलला. शेजारच्यांच्या चांगुलपणावर ते सोपवलं नव्हतं. विद्यापीठानं लेखनिक, वाचक आणि सोबती यांची रीतसर पदं भरावीत, त्यांना शिकवावं, पैसे द्यावेत. मला यात दुसरं काही मत सुचत नाही.

आठ वाजता सगळे उठतात, कारण स्टेशनपर्यंतची तालीम बाकी आहे. मुलीनं ताईला रस्त्यानं कधी नेलेलं नाही. फाटकाबाहेर पडताच ती प्रेमानं ताईचा दंड पकडते आणि पुढे ढकलू लागते.

“तू मला नको धरूस. मी तुला धरते,” ताई थांबून सांगते. ती मुलीच्या कोपराच्या वर हात ठेवते आणि अर्धं पाऊल मागे राहते. “आता चाल. तू वळलीस की मला कळतं. पायरी आली की फक्त ‘वर’ नाहीतर ‘खाली’ म्हण.”

पहिल्या पन्नास पावलांत मुलगी दहादा मागे वळून बघते. रिक्षा, सायकल, पाणीपुरीची गाडी, सगळ्यांची ती आधीच सूचना देते. हळूहळू सूचना कमी होतात. स्टेशनाच्या जिन्याशी ती “वर” म्हणते आणि दोघी एका लयीत चढतात. खालून मालगाडी जाते आहे. डबे संपेपर्यंत कुणालाच बोलता येत नाही. वडोदरा इथून पुढचंच स्टेशन, पण सोमवारी सकाळच्या गर्दीत मेमू लोकलच्या दारात शिरणं हाच खरा पेपर, असं आई मला सांगते. त्या दिवशी ती कामावर खाडा करून बरोबर जाणार आहे.

प्लॅटफॉर्मवर बाकावर बसल्यावर मुलगी चाचरत म्हणते, “दीदी, गुरुवारे मारी पण परीक्षा छे. टाइमटेबल आजे आव्युं.”

कुणी काही बोलत नाही. गुरुवारी ताईचा तिसरा पेपर आहे. दर पेपराला वेगळा लेखनिक चालतो, तेवढी सोय नियमात आहे. आई फोन काढते. पहिल्या नंबरवरचे वडील विचारतात, मार्क कमी आले तर आमच्या मुलीवर येणार नाही ना? आई समजावते, तरी ते नको म्हणतात. दुसरी मुलगी मामाकडे नडियादला गेलेली. काका एका ओळखीच्या घरचा नंबर सांगतात. तिथे मुलगी स्वतःच फोन उचलते, आईला विचारून येते आणि हो म्हणते.

ताई हात पुढे करून फोन मागून घेते. “थँक यू हं. चार तास बसावं लागेल, चालेल ना? मग उद्या संध्याकाळी अर्धा तास घरी ये, एक पान लिहून दाखव. आणि ऐक, तुझा जी आणि वाय वेगळा ओळखू येतो का?”