कृमीला फूटपट्टी चालत नाही
मृत पॉर्पॉइजच्या (हा डॉल्फिनचा भाऊबंद) पित्तनलिकेत चपटकृमी सापडला, तर त्याची जात नवी की जुनी, हे कसे ठरवाल? लांबी मोजून? फसाल! मरताना आखडलेला कृमी आखूड भरतो, ताणलेला लांब. अशाने एकाच जातीला दोन नावे पडतात. म्हणून कृमी कार्मिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन चूषकांच्या व्यासांचे गुणोत्तर किती, अंडाशय वृषणांच्या पुढे की मागे (एकाच कृमीत दोन्ही असतात!), अंडी केवढी. अंड्यांचे कवच टणक, ती आखडत नाहीत.

मग हे सारे जुन्या वर्णनांशी ताडायचे. उदाहरणार्थ, पॉर्पॉइजमधीलच कॅम्पुला ऑब्लाँगा, कॉबोल्ड यांनी १८५८ साली वर्णिलेला. तरीही शंका उरली, तर डीएनए. मात्र फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो. म्हणून कृमीचा एक तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो.