गेलेले आटे परत कसे येतात?

बोल्ट फिरतच राहतो, आवळला मात्र जात नाही. ‘आटे गेले’ म्हणतात ते हेच. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात हे वरचेवर घडतं, कारण तिचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा: हलका, पण मऊ. त्यात घुसवलेले पोलादी स्टड सिलिंडर आणि हेड दाबून धरतात. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. स्टड ताणले जातात आणि मऊ धातूतले आटे उपटून निघतात.

मग भोक ड्रिलने मोठं करून टॅपने नवे, मोठे आटे पाडतात आणि आतबाहेर आटे असलेली पोलादी बुश त्यात बसवतात. भिंतीत स्क्रूआधी गिट्टी ठोकतो, तसंच. मूळ मापाचा स्टड बुशमध्ये बसतो. बुशचा बाहेरचा घेर मोठा असल्याने तोच ताण जास्त धातूवर वाटला जातो. म्हणून दुरुस्त केलेलं भोक बहुधा मूळच्याहून मजबूत ठरतं. घाई नको, ड्रिल जरा तिरपं गेलं तर स्टडही तिरपा बसतो.

मॅग्नेशियमचा कीस पेट घेऊ शकतो आणि पाण्याने ती आग भडकते, तेव्हा जवळ कोरडी वाळू हवीच.