पायांच्या भेगा : घरगुती उपाय व घ्यावयाची दक्षता

बैल लंगडू लागला की शेतकरी काम थांबवून प्रथम त्याचा खूर तपासतो. परंतु स्वतःच्या टाचेतून रक्त आले तरी तो कामावरून हटत नाही. बीड जिल्ह्यात हे विशेष जाणवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. फडातील ओल, पहाटेची थंडी व पाचट यांनी त्यांचे पाय फाटतात. पाय दुखावून खाडा पडला की मजुरी बुडते. यास्तव पायांची निगा हा संसाराच्या मिळकतीचाच प्रश्न होय.

भेगा का पडतात?

तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. कोरड्या हवेत तिच्यातील ओलावा उडाला की ती कडक होते व अंगाच्या भाराने टाचेवर चिरते.

उपाय

रात्री काम आटोपल्यावर घमेल्यात चार-पाच लिटर कोमट पाणी घ्यावे व त्यात एक मोठा चमचा मीठ टाकावे. पाय दहा ते पंधरा मिनिटे बुडवावेत. मिठाने भेग भरत नाही. कातडी मऊ होते ती पाण्याने. म्हणून जादा मीठ घालू नये. धुण्याचा सोडा तर मुळीच घालू नये. भेग उघडी नसल्यास पाण्यात वाटीभर आंबट ताक मिसळावे. त्यातील दुग्धाम्ल मृत कातडी सुटण्यास थोडेफार साहाय्य करते.

नंतर वजरीने टाच हलकेच घासावी व बोटांच्या बेचक्यांसह पाय कोरडे पुसावेत. खरा उपाय यापुढेच आहे. पाय पुसताच टाचेला करडईचे किंवा तिळाचे तेल चोळून स्वच्छ सुती मोजे घालावेत अथवा फडके गुंडाळावे. तेल न लावल्यास भिजलेली कातडी वाळून अधिकच कडक होते. बेचक्यांत मात्र तेल लावू नये; तेथे चिखल्या झाल्या असल्यास ती जागा कोरडी ठेवावी. हा क्रम रोज चालू ठेवावा.

हे टाळावे

भेगेत शेण, राख, चुना किंवा तंबाखू भरू नये. माती व शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरतात. भेग खोल असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून धनुर्वातप्रतिबंधक लशीविषयी विचारावे.

मधुमेही व्यक्तीने पाय भिजवत ठेवू नयेत. धुऊन, पुसून टाचेस तेल लावणे पुरे. ज्याच्या पायाला स्पर्श कळत नाही, त्याने गरम पाणी वापरू नये, कारण पाय भाजला तरी त्यास समजत नाही. बधिरपणा हे कुष्ठरोगाचेही लक्षण असू शकते. त्याचे औषध शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळते व वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. न भरणाऱ्या जखमेसाठी अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी टोळ्या गाव सोडण्यापूर्वी ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी व प्रत्येक कुटुंबाने तेलाची एक बाटली बरोबर घ्यावी, असा आग्रह धरावा. कोपीवर पाणी तापतेच. त्यातील घमेलेभर पाणी रात्री पायांसाठी राखणे कोणासही अवघड नाही.