पाच पौंडांचा दंड

1919चा मे महिना. महायुद्ध थांबून सहा महिने झाले होते, तरी ब्रिटिश नौदलाची नाकेबंदी उठली नव्हती आणि ऑस्ट्रियातली पोरं उपासमारीने खंगत होती. अशा एका मुलाचा फोटो असलेली पत्रकं लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात वाटली म्हणून एग्लंटाइन जेब यांना अटक झाली. पत्रकं सेन्सॉरला दाखवली नव्हती, एवढाच गुन्हा. दंड पाच पौंड. खटला चालवणारे सरकारी वकील आर्चिबाल्ड बॉडकिन यांनीच तेवढी रक्कम बाईंच्या हातावर ठेवली. शत्रूच्या लेकरांसाठी! त्याच महिन्यात जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ उभी केली. गंमत म्हणजे जेबबाई मुलांच्या घोळक्यात रमणाऱ्या नव्हत्या. शिक्षिकेची नोकरी त्यांनी लवकरच सोडली होती.

त्यांनी मुलांसाठी पाच कलमांचा जाहीरनामा लिहिला आणि 26 सप्टेंबर 1924 रोजी राष्ट्रसंघाने तो जिनिव्हात स्वीकारला. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, संकटात आधी मुलांना मदत. सगळं रास्तच. पण ही मोठ्यांच्या कर्तव्यांची यादी होती. मूल त्यात फक्त घेणारं.

नेमकं हेच वॉर्सातल्या यानुश कोर्चाक या डॉक्टरला खटकलं. कर्तव्याला हक्क म्हणताय आणि मागणी करायच्या जागी विनवणी करताय, असं त्यांनी 1929 साली सुनावलं. बोलायचा अधिकार त्यांना होता. क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या त्यांच्या अनाथालयात मुलांचं न्यायालय भरे. न्यायाधीश पाच मुलं, तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली. त्यांच्या संहितेतली पहिली नव्याण्णव कलमं दोषी न ठरवता सोडून देण्याची! मुलांनी भरलेल्या खटल्यांत खुद्द डॉक्टरही उभे राहिले. ऑगस्ट 1942मध्ये नाझींनी मुलांना ट्रेब्लिंकाला नेलं, तेव्हा डॉक्टर त्यांच्याबरोबर गेले.

बंधनकारक कराराचा प्रस्ताव 1978 साली पोलंडनेच आणला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. शब्दाशब्दावर दहा वर्षं खल झाला आणि 20 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. कलमं 54. त्यातलं बारावं मला सर्वांत धाडसी वाटतं: मुलाच्या बाबतीत निर्णय घेताना त्याचं म्हणणं विचारात घ्या. अमेरिकेने सही केली, पण संहिता अजून लागू करून घेतलेली नाही.

भारत डिसेंबर 1992मध्ये सामील झाला. मात्र बालमजुरीच्या बत्तिसाव्या कलमाबाबत ‘टप्प्याटप्प्याने’ अशी पुस्ती जोडून. 2016च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली; शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायची आणि बालकलाकार म्हणून काम करायची सूट तेवढी राहिली.

दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेलं पोर त्या हिशेबात येत नाही, आणि शाळेच्या हजेरीपटातही पुढचे पाच-सहा महिने नसतं.