बाहुलीचा रंग

लहान मुलांना वर्णभेद कळत नाही, अशी मोठ्या माणसांची समजूत असते. ही समजूत किती भ्रामक आहे, हे अमेरिकेतील एका दांपत्याने चार बाहुल्यांच्या साहाय्याने दाखवून दिले.

केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क हे दोघेही कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या शाळा निराळ्या आणि काळ्यांच्या निराळ्या, असा कायदाच होता. मेमी यांचे स्वतःचे बालपण अशाच प्रदेशात गेले होते. अशा व्यवस्थेत वाढणारे मूल स्वतःविषयी काय समजत असेल, याचा ही दोघे शोध घेऊ लागली. मोठ्यांच्या सरळ प्रश्नांना लहान मूल बुजते. बाहुली हाती दिली, की ते मोकळे होते. म्हणून त्यांनी चार बाहुल्या घेतल्या. त्यांची घडण अगदी एकसारखी होती. दोघी गोऱ्या व पिवळ्या केसांच्या, दोघी सावळ्या व काळ्या केसांच्या, एवढाच काय तो फरक.

तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे या बाहुल्या मांडण्यात आल्या. तुला खेळायला कोणती हवी? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली उचलली. वाईट कोणती, असे विचारताच निम्म्याहून अधिक मुलांनी सावळीकडे बोट दाखविले. मग शेवटचा प्रश्न आला : तुझ्यासारखी दिसते ती कोणती? येथे काही मुले गोंधळली. कोणी रडू लागले, कोणी खोलीबाहेर पळून गेले. क्षणापूर्वी जिला वाईट ठरविले, तिच्यासारखेच आपण आहोत, हे त्यांना आपल्याच तोंडाने सांगायचे होते!

हा धडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता. चांगली इमारत कोणाच्या शाळेला आहे, कोण कोणाला दरडावतो, हे पाहूनच मुले तो शिकली होती. उत्तरेकडील एका राज्यात दोन्ही वर्णांची मुले एकाच शाळेत बसत. परंतु तेथील उत्तरेही फारशी वेगळी आली नाहीत. या प्रयोगावर पुढे विद्वानांनी आक्षेपही घेतले. तथापि, १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख होता. वेगळेपणामुळे मुलांच्या मनात हीनतेची भावना उत्पन्न होते, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

निकाल झाला, पण माणसे इतक्या लवकर बदलत नाहीत. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या शाळेत निघाली. तिच्यासोबत केंद्र सरकारचे चार संरक्षक अधिकारी होते. दाराशी आरडाओरडा करणारा जमाव पाहून तिला वाटले, शहरातला नेहमीचा उत्सवच चालला आहे! जमावातील एका बाईच्या हाती छोटी शवपेटी होती आणि तिच्यात एक काळी बाहुली ठेवलेली होती. ती पाहून मात्र रुबी घाबरली.

गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या गोऱ्या शिक्षिका रिकाम्या वर्गात एकट्या रुबीला शिकवीत. त्या वर्षात एक दिवसही त्यांनी चुकविला नाही. शाळेत काही थोडी गोरी मुले उरली होती, पण त्यांना दुसरीकडे बसवीत. रुबीला त्यांचे आवाज ऐकू येत, मुले मात्र दिसत नसत. हेन्रीबाईंनी आग्रह धरला, तेव्हा कुठे त्यांची भेट झाली. त्यांतील एक मुलगा म्हणाला, तुझ्याशी खेळू नकोस, असे आईने मला बजावले आहे, कारण तू काळी आहेस.

रुबीने मोठेपणी ही आठवण सांगितली आहे. त्या मुलाचा तिला राग आला नाही. आपल्या आईने असे सांगितले असते, तर आपणही ऐकलेच असते, असे तिला वाटले. पण दाराबाहेरचा जमाव कशासाठी जमत होता आणि वर्गातील बाके रिकामी का होती, याचा उलगडा तिला त्या क्षणी झाला.